आईचं नाक आणि बंद पंखा

“पंखा काहून बंद केला बे? मारून राहिला का मले?”

बाबा आतल्या खोलीतून ओरडत होते. मे महिन्यातला रविवार, रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं आमचं वरच्या मजल्यावरचं घर, आणि डोक्यावरची गच्ची इतकी तापलेली की कावळेसुद्धा तिच्यावर एकेक पाय आळीपाळीनं टेकवत. मी खिडकीपाशी बोर्ड उभा करून पेस्टलनं आईचा चेहरा काढत होतो.

“बाबा, भुकटी उडते. पाच मिनिटं थांबा.”

“तुझे पाच मिनिटं होळीपासून चालू आहेत.”

पेस्टल हाती घेणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला सल्ला हाच, पंखा बंद. पेस्टल म्हणजे रंगाची धूळ. ती कागदाला चिकटत नाही, नुसती टेकून बसते, लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखी. जादा भुकटी तोंडानं फुंकू तर मुळीच नका. मी एकदा फुंकली, तर शेजाऱ्यांची पांढरी मांजर आठवडाभर निळी फिरली आणि समोरच्या काकू तिला हात जोडू लागल्या. बोर्ड उभा ठेवा, मागून टिचकी मारा, खाली ओला फडका पसरा. घाम आला तर तो कोपरावरून बाहेर जाऊ द्या, चित्रावर नको. एका थेंबानं गालाला खड्डा पडतो. मला अनुभव आहे.

हे सगळं कशासाठी, तर आईचा धड फोटो नाही. कॅमेरा दिसला की ती मान खाली घालायची. लग्नाच्या फोटोत फक्त भांग दिसतो, आणि आधार कार्डावर ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी आहे. माझ्या डोक्यात आहे ती दवाखान्यातली, नाकात नळी असलेली, शेवटची आई. तिच्या आधीची आठवायला गेलं की हीच पुढे येऊन उभी राहते. आधीची आई आता फक्त बाबांच्या डोळ्यांत होती, आणि त्या डोळ्यांचा पडदा साखरेनं खाल्ला होता. डावा गेला, उजवा चालेल तितका चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तो चालतोय तोवर मला तिला कागदावर आणायचं होतं. बाबांनी बघून “हो, हीच” म्हटलं की झालं. बाकी काही मला चित्रकार व्हायचं नव्हतं.

आठवडाभर नवा रायपूरच्या ऑफिसात फायली, आणि रविवारी आई. कागदाच्या शोधात सदर बाजारात गेलो. पेस्टलला गुळगुळीत कागद चालत नाही, दाणेदार लागतो, आणि सगळ्यात स्वस्त दाणा म्हणजे रेजमाल, सुतार लाकूड घासतात तो कागद. मी दुकानात म्हटलं, सगळ्यात बारीक द्या.

“दरवाजा है कि खिड़की, भैया?”

“माँ है.”

दुकानदारानं चार ताव जास्त गुंडाळून दिले.

दुसरी गोष्ट, मळलेले खडू पुसत बसू नका. डब्यात कोरडे तांदूळ घ्या, खडू टाका, हलवा. खडू स्वच्छ. छत्तीसगडात राहून तांदळाची काय कमी. आमच्याकडे तो डबा एकदा चुकून गॅसपाशी पोचला आणि बायकोच्या मामांनी जांभळा पुलाव दोनदा मागून घेतला. खोटं वाटत असेल तर बायकोला विचारू नका, ती माझ्या कुठल्याच गोष्टीला साक्ष देत नाही.

तिसरी, फिक्सेटिव्हचा फवारा जपून. भुकटी बसते खरी, पण उजळ रंग मरतात. पहिल्या चित्रावर मी भरभरून मारला. बाबांनी भिंग धरून पाहिलं आणि म्हणाले, “हिले कोळशाच्या डेपोत काहून बसवलं बे?”

तेव्हा ते असं अचूक बोलायचे. म्हणाले, आईची डावी भुवई मधे तुटलेली होती, लहानपणी ती विहिरीच्या काठावर पडली होती. कुंकू नेहमी जरा उजवीकडे जायचं, कारण आरसा तिरपा होता, तो सरळ करतो म्हटलं तर करू द्यायची नाही. मी तसं तसं काढत गेलो. भुवई आली. कुंकू आलं. मग नाक आलं नाही.

“नाक जाड आहे.”

पुढच्या रविवारी, “नाक जाडच आहे.”

मी बारीक केलं. आणखी बारीक केलं. बायको एकदा हळूच म्हणाली, “अहो, आईंचं नाक एवढं सरळ होतं का?” मी म्हटलं, बाबांपेक्षा तुला जास्त माहीत?

आणि आता चौथी गोष्ट. कागदाच्या दाण्यात रंग भरत गेला की एक वेळ येते, खडू नुसता घसरतो. मग झगडू नका. तो ताव उतरवा, दुसरा लावा. मे महिन्यातल्या त्या रविवारी तेच झालं. नाकावर खडू बसेना. मी ताव काढून कपाटावर आडवा ठेवला, नवा तपकिरी ताव बोर्डाला लावला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. उकाड्यानं डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

परत आलो तर बाबा बोर्डापुढे उभे. भिंग डोळ्याला, वाकलेले, कागदापासून वीतभरावर.

“कपाळ जमलं आता,” ते म्हणाले. मग भिंग जरा खाली आणलं. “नाक अजून जाडच होऊन राहिलं.”

मी कागदाकडे पाहिलं. त्याच्यावर एक रेघ नव्हती.

शेवटचं अचूक काय बोलले होते, ते मी आठवू लागलो. भुवई, कुंकू, कोळसा. त्यानंतर नुसतं नाक. किती रविवार, कोण जाणे. आणि मी प्रत्येक वेळी ऐकलं होतं. कपाटावर पडलेल्या तावावर तुटक्या भुवईची, तिरप्या कुंकवाची एक बाई होती, आणि तिच्या तोंडावरचं नाक आमच्या घरात कधीच कुणाचं नव्हतं. ते बरोबर आहे की चूक, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

गप्प राहता आलं असतं. “करतो बारीक” म्हणता आलं असतं. पण तोंडातून निघून गेलं.

“बाबा, कागद कोरा आहे. मी अजून काही काढलंच नाही.”

त्यांनी भिंग खाली घेतलं, लुंगीच्या टोकानं दोन्ही बाजूंनी पुसलं, हातानं चाचपत दिवाणापर्यंत गेले आणि बसले.

“मग पंखा लाव,” ते म्हणाले.