सुगंधाबाईंची बाटल्यांची रांग

...तर सुगंधाबाईंनी ती चिठ्ठी उलटसुलट पाहिली, तिची सुरळी केली, माझ्याच बाटलीत कोंबली आणि बाटली नेऊन ठेवली रांगेच्या शेपटाला! काल इथंच जेवायची हाक आली न् गोष्ट अडकली.

काल नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. साल त्र्याऐंशी, घाटकोपर. संपात माझी गिरणी बंद, आणि घरात जानकीला, म्हणजे आमच्या मंडळींना, टीबी. खाजगी डॉक्टर परवडणार कुठला? महापालिकेच्या दवाखान्यात इंजेक्शन फुकट मिळे. तिथं सुगंधाबाई आया होत्या. मूळच्या जालन्याकडच्या, आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून राहायच्या.

तेव्हा खोकल्याचं औषध न्यायला बाटली घरूनच आणायची. लोक बाटल्या ओळीनं मांडत आणि बदामाच्या सावलीत बसत. इंजेक्शनवालेसुद्धा बाटली मांडत, तीच रांग. सुगंधाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण बाटली कुणाची ते अचूक ठाऊक. "एरंडेलवाल्या मावशी, उठा! ओ ब्रँडीवाले काका, लाजताय काय, या!"

त्या दिवशी चार दिवसांच्या खंडानं इंजेक्शनं आली होती. डॉक्टरांनी बजावलेलं, आणखी नागा झाला तर जानकीचं सगळं पहिल्यापासून. मी घाबरलो. एका पुढाऱ्याची चिठ्ठी मिळवली आणि रांग सोडून थेट सुगंधाबाईंपुढे धरली.

"मला वाचता येत नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या, "पण आधी कोण आलं ते दिसतं."

आणि मग ती सुरळी! सगळा दवाखाना हसला. जानकी पायरीवर पदर तोंडाला लावून बसली होती. तीही हसली आणि त्यानं तिला खोकल्याची उबळ आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इंजेक्शनवाल्यांच्या बाटल्या बावीस, इंजेक्शनं अठरा. आमची बाटली बाविसावी. सुगंधाबाईंनी मोजलं, आत जाऊन डॉक्टरांना कुर्ल्याच्या दवाखान्यात फोन करायला लावला. तिथं साठा होता. उरलेल्या चौघी बायांच्या, त्यात जानकीही आली, केसपेपरवर डॉक्टरांकडून लिहून घेतलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि म्हणाल्या, "अठराच्या पुढच्यांनी उठा. इथं बसून इंजेक्शनं वाढायची नाहीत."

चौघी बाया, मी आणि पुढं सुगंधाबाई, अशी वरात बसनं कुर्ल्याला. जानकीला धाप लागली की साऱ्यांना थांबवायच्या, तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला. तिथला कारकून म्हणाला, "आमच्या वस्तीच्या पेशंटलाच मिळेल."

"साहेब, खोकला वस्ती विचारून होतो का?" सुगंधाबाईंनी चारही केसपेपर टेबलावर पसरले आणि समोरच्या बाकावर बैठक मारली. "डॉक्टरसाहेबांना दाखवा. आम्ही बसतो."

डॉक्टरांनी पाहिलं, सही केली. चौघींना इंजेक्शन मिळालं. जानकीचा नागा टळला!

संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. माझं कोकणी तोंड, गप्प कसं बसेल? म्हटलं, "वहिनी, शेजारधर्म म्हणून एक इंजेक्शन बाजूला ठेवलं असतं, तर एवढी वणवण वाचली असती ना?"

मान वर न करता त्या म्हणाल्या, "ठेवलं असतं की. पण भाऊजी, अठराव्या बाटलीवाल्या बाईला काय सांगू? माझ्या शेजारी खोली घे म्हणून?"