वाचून दाखवायला निघालो: नारायणगाव, जुन्नर, लेण्याद्री

लोक या बाजूला नवस फेडायला नाहीतर मासवडी खायला येतात. आम्ही दोघं गेलो एक प्रकरण वाचून दाखवायला.

आमचे हे उद्योगधंद्यांचे इतिहास लिहितात. नव्वदच्या सुमारास कॉलेजातली बरी नोकरी सोडली आणि तेव्हापासून कुणाची गिरणी कशी उभी राहिली, कुणाचा छापखाना का बसला, हे शोधत हिंडतात. ‘जावईबापू नेमकं करतात काय?’ हा प्रश्न माझ्या माहेरी अजून मिटलेला नाही. त्यात यांचा एक हट्ट. ज्याच्यावर लिहिलंय तो माणूस हयात असेल, तर छापण्याआधी त्याच्यापुढे बसून मजकूर वाचायचा. तो ‘खोटं आहे’ म्हणाला तर पुन्हा तपासायचं. या हट्टापायी दोन पुस्तकं बुडाली. तिसरं बुडू नये म्हणून मी बरोबर निघाले, दुसरं काय!

जाणार असाल तर शिवाजीनगरहून सकाळची नाशिक एसटी पकडा आणि डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. खेडच्या घाटात ट्रकांमागे रखडायची तयारी ठेवा. मंचरला चहा बरा मिळतो. नारायणगावात उतरलो तर टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या टेम्पोंमधून वाट काढेपर्यंत जीव मेटाकुटीला आला.

शंकरराव ऐंशीच्या घरातले. द्राक्षबागेत औषध मारायचे पंप बनवणारा त्यांचा कारखाना, आणि पुस्तक लिहून मागणारेही तेच. पहिला पंप त्यांनी आणि जुन्नरच्या इब्राहीमचाचांनी मिळून बनवला होता. पुढे शंकररावांनी भागीदाराला बाजूला सारलं, असं जुन्या कामगारांकडून ऐकून यांनी लिहिलं होतं. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

शंकररावांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकदम भडकले. “मी हाकललं त्याला? कोन म्हनतं? हे पान काढा, न्हाईतर पुस्तकच ऱ्हाऊ द्या!”

“आज चाचांनाही वाचून दाखवतो,” हे शांतपणे म्हणाले. “मग काय ते ठरवू.”

झालं, गेलं तिसरंही, असं म्हणत मी पिशवी उचलली.

जुन्नरची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय ते ड्रायव्हर ठरवतो. मी एका बाईंच्या कोंबडीशेजारी बसून गेले. जुन्नरला एका खानावळीत मासवडी आणि रस्सा खाल्ला. रस्सा असा जहाल की यांच्या टकलावर घाम, पण दुसरी वाटी मागितलीच.

इब्राहीमचाचांचं घर पेठेच्या आतल्या गल्लीत. आयुष्यभर पितळेचं काम केलेला माणूस, बोटं अजून जाडजूड. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता रडतात बहुतेक.

“लई झ्याक वाचता राव,” ते म्हणाले. “पन ह्यो बिचारा इब्राहीम कोन?”

हे गडबडले. “तुम्हीच की!”

“मी न्हाई. मला कुनाच्या बापानं हाकललं न्हाई. माझा हातोडा घेऊन मी सवता भायेर पडलो. शंकरला टाकी पत्र्याची पायजे व्हती. मी म्हनलं, औषधात मोरचूद असतं, पत्रा खाऊन टाकंल. पितळ घाल, न्हाईतर मी चाललो. आन गेलो.” मग म्हणाले, “त्याचं बी खोटं न्हवतं. पितळंचा पंप गरिबाला कुठं परवडतोय? आमी दोघं बी अडेल.” आम्ही उठलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “गुडघं कसं हायेत त्याचं?”

लॉजवर गेल्यावर मी यांना सोडलं नाही. “तुम्हाला कीव आली आणि चांगल्या ताठ माणसाचा बिचारा केलात!” नवऱ्याचं इतकं उतरलेलं तोंड मी क्वचित पाहिलंय. मग मलाच वाईट वाटलं.

सकाळी लेण्याद्रीला गेलो. उन्हाच्या आत चढा, पायऱ्या दम काढतात, आणि खाऊ पिशवीत खोल ठेवा, माकडं तरबेज आहेत. मी गिरिजात्मजाचं दर्शन घेतलं. हे लेण्याच्या ओसरीत बसून पानं खोडत होते. या डोंगरांतल्या लेण्यांना कारागिरांच्या संघांनी दानं दिल्याचे लेख आहेत म्हणे. एरवी त्यावर तासभर ऐकावं लागलं असतं, आज मान वर नाही.

दुपारी पुन्हा नारायणगाव. शंकररावांनी नवं प्रकरण ऐकलं. “हे खरं हाय,” म्हणाले. मग लहान पोरासारखं विचारलं, “माझ्याबद्दल काय म्हनला त्यो?”

“गुडघे कसे आहेत विचारत होते.”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “पत्र्याच्या टाक्या गळल्या व्हत्या, भाऊ. पयल्याच हंगामात. इब्राहीम बरोबर व्हता, पन मी कवा कबूल केलं न्हाई. हे बी लिवा.”

इतिहासकाराला आणखी काय हवं? मी मनात म्हटलं, लिहा पटकन! पण यांनी पेनाचं टोपण लावलं. “आधी तुम्ही त्यांना सांगा. त्यांना हे पुस्तकातून कळायला नको. तोवर मी लिहिणार नाही.”

मला इतका राग आला की मंचरपर्यंत मी बोलले नाही. मंचरनंतर मात्र त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले.

घरी आल्यावर शंकररावांनी बरोबर दिलेली द्राक्षं संपली, पायांचे गोळे उतरले, पुस्तक तसंच अडलेलं. हे रोज टेबलाशी बसत आणि उठत. मग एका रविवारी फोन वाजला, यांनी उचलला. इब्राहीमचाचा.

“पावणं, ते टाकी गळल्याचं आता खुशाल लिवा. शंकर सवता सांगून गेला. गेला कुठला, हितंच बसलाय, जेवून जानार हाय.”

यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

“लिहितो, चाचा,” मी म्हटलं. “आम्ही दोघं लिहितो.”