वस्त्रगाळ पाणी

फाळणीनंतर सिंधी लोक येऊन राहिले त्या कॅम्पातल्या टाक्यांचं पाणी तपासून माझे डोळे दुपारपर्यंतच शिणायचे. अंबरनाथच्या आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच, तोही आरशावर ऊन घेऊन चालणारा. खिडकीशी वाकून बसायचं आणि मान मोडेस्तोवर थेंब बघायचे. तक्रार करायलाही अंगात जोर लागतो, माझ्यात तो उरला नव्हता.

अशा एका उन्हाळ्यात पालेगावची म्हातारी दारात येऊन बसली. तिची एक म्हैस गावतळ्यावर पाणी प्यायली आणि गोठ्यात पाय झाडत गेली. दुसरी उरली होती, तिच्या दुधावर घर चालत होतं. तिला तळ्यावर न्यावं की नाही, एवढंच म्हातारीला हवं होतं. पाण्यावरचं एक निळं-हिरवं शेवाळ जनावरांना विषासारखं बाधतं, हे मी वाचलं होतं. मी तिला बाटली दिली आणि काठाजवळचं पाणी आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बाटली आणली, बाहेरून राखेनं घासलेली. पाणी स्वच्छ. थेंब पुन्हा पुन्हा पाहिला, शेवाळाचा मागमूस नव्हता. आणखी एकदा आणायला लावलं, तेही तसंच. पाण्यात काही सापडत नाही असं सांगितलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला. माझं मन मात्र खात राहिलं. भर उन्हाळ्यात गावतळं इतकं नितळ कसं असेल?

रविवारी कुरकुरतच पालेगावला गेलो. आठवड्याची एक सुट्टी, तीही तळ्यापायी. वाऱ्यानं सगळं शेवाळ एका काठाला लोटलं होतं. भिंतीचा रंग सांडावा तसा जाड हिरवा थर, आणि डोकं उठवणारा वास. तसाच म्हातारीच्या घरी गेलो. गोठा रिकामा होता. दुसरीही सकाळीच गेली, म्हातारी म्हणाली.

तशातही तिनं मला ओटीवर बसवलं. लोट्याच्या तोंडावर धुतलेलं फडकं धरलं आणि विहिरीचं पाणी त्यातून गाळून माझ्यापुढे ठेवलं. पाहुण्याला पाणी गाळूनच द्यायचं, ही तिकडची रीत. मी फडक्याकडे बघत राहिलो. बाटलीतलं पाणीही गाळलं होतं का, मी विचारलं.

"मंग? साहेबाच्या टेबलावर तसलं घान पानी कसं ठेवू?"

फडक्यावर जे राहिलं, तेच मला बघायचं होतं, असं मी कसंबसं सांगितलं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. ती ओलं फडकं पिळत राहिली, मग तिनं ते झटकून दोरीवर टाकलं.

"तुमाला गालून दिलं," ती म्हणाली. "तिला तसंच पाजलं."