सुमंगला मॅडमची लवंग

बोरीच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सुमंगला मॅडम गप्प बसल्यात, असं गावात कुणी पाहिलं नव्हतं. सूर्यफूल काढायला सांगितलं की त्या पाकळीपासून निघून थेट तेलाच्या भावापर्यंत पोचत, आणि तास संपला तरी पोरांच्या कागदावर फूल काही उगवत नसे. घरी तर विचारूच नका! त्यांचे यजमान अनंतराव, कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, दुपारी आरामखुर्चीत पडले की तोंडावर पेपर घेत. मॅडम आपल्या बोलत राहत. "सारा जन्म भिंतीशी बोलण्यात गेला माझा," असं त्या शेजारणीला हसत सांगत, पण आतून ते त्यांना लागत असे.

तर गेल्या साली त्यांनी सहावीचा वर्ग परभणीला चित्रप्रदर्शन बघायला नेला. पोरांनी दारात चपला काढल्या, रांग धरली, चित्रापुढं हात जोडले, पुढच्या चित्रापुढं हात जोडले, अशी फेरी पुरी केली अन् घटकाभरात बाहेर! बबलूनं तर प्रसाद कुठं मिळतो तेही विचारून घेतलं. मॅडम प्रत्येक चित्राचा अर्थ सांगत होत्याच. पोरं कीर्तन समजून माना डोलवत होती.

मुख्याध्यापक पंडित सर सगळं ऐकून म्हणाले, "दर्शनच घ्यायचं तर गावात देवळं कमी हायत का, मॅडम? यंदा मी स्वतः येतो. पुन्हा असंच झालं तर ही सहल बंद."

मॅडमला ते फार झोंबलं. पोरांना एकदा तरी चित्र डोळे भरून बघता यावं, एवढीच त्यांची हौस होती, आणि तीच बंद पडायची वेळ आली. बराच विचार केल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की पोरांच्या अन् चित्राच्या मधे आपलीच जीभ उभी आहे. मग उपाय काय? दाढेखाली लवंग! बोलावंसं वाटलं की चावायची.

यंदा प्रदर्शन शिक्षकांच्याच चित्रांचं होतं. मॅडमनी परवानगी काढून चित्रांखालच्या नावाच्या पट्ट्यांवर कागद चिकटवले. सातवीत गेलेल्या त्याच पोरांना सांगितलं, "हात जोडायचे नाहीत. एकच चित्र निवडा, पुढ्यात बसा. काय दिसतं ते सांगा, अन् कशावरून तेही सांगा." एवढं बोलून त्यांनी लवंग तोंडात टाकली.

पोरांनी चित्र निवडलं ते पंखा बघून. आणि नशीब बघा, पंख्याखाली नेमकं मॅडमचंच चित्र! आरामखुर्चीत एक माणूस, तोंडावर पेपर, शेजारी स्टुलावर दोन कप, मागं उघडं दार.

पोरं पंख्याचा वारा खात बसली. पंडित सर घड्याळ बघायला लागले.

"माणूस झोपलाय," बबलू म्हणाला.

"झालं," पंडित सर म्हणाले.

दारातून येणारं ऊन, खुर्चीची सावली, सगळं समजावून सांगायला मॅडमची जीभ वळवळली. त्यांनी लवंग अशी चावली की डोळ्यांत पाणी आलं. कसंबसं एवढंच विचारलं, "कशावरून?"

"तोंडावर पेपर हाय की."

"ह्यो जागा हाय," चंदा म्हणाली. धनगराची पोर, वर्गात कधी तोंड न उघडणारी. "पेपरचं टोक बोटांत धरलंय. झोपल्यावर बोटं ढिली पडत्यात."

पोरं गुडघ्यांवर सरकत पुढं आली. खरंच की! मग सोंग कशापायी? कप दोन, म्हणजे समोर कुणीतरी बसलंय.

"त्यातला एक भरलेला कसा काय?" हे पंडित सर. ते कधी खाली बसले, त्यांनाही कळलं नव्हतं.

"बोलणारीला चहा प्यायला सवड कुठं, सर!" कुणीतरी म्हणालं अन् सगळे खदखदून हसले.

"लय कटकट करायली असंल, म्हणून तोंड झाकलंय," बबलूनं निकाल दिला. मॅडमच्या दाढेखाली लवंगेचे दोन तुकडे झाले.

"न्हाई," चंदा म्हणाली. "कटकट वाटली असती तर उठून गेला असता. दार उघडंच हाय. अन् कान बघा. पेपर तोंडावर घेतलाय, कान तेवढा बाहेर ठिवलाय. त्याला ऐकायचंय."

मॅडम बघतच राहिल्या. तो कान त्यांनीच रंगवला होता, दोनदा पुसून.

बंद करायची वेळ झाली म्हणून रखवालदार आला, तरी पोरं उठेनात. पंडित सर म्हणाले, "पुढच्या साली आठवीलाबी आणा." मग त्यांनी खालचा कागद सोलला आणि वाचलं : वामकुक्षी. चित्रकार, सुमंगला. "अहो मॅडम, तुमचं चित्र! बोलला न्हाईत ते?"

"लवंग होती," मॅडम म्हणाल्या.

घरी आल्या तर अनंतराव खुर्चीत, तोंडावर पेपर. मॅडमनी चहा ठेवला, समोर बसल्या आणि पार गाडीत बसल्यापासूनची हकीकत सुरू केली. पंखा झाला, बबलू झाला. "मग ती चंदा म्हणाली," इथवर आल्या आणि मुद्दामच थांबल्या. त्या कानाकडं बघत राहिल्या. चहा गरम होता, त्यांनी तो निवांत प्यायला घेतला.

पेपर जरा हलला. खालून आवाज आला, "मग? काय म्हणाली चंदा?"