कापूस अडकला

दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ती लोकांचे दात घडवायची. पुढे डॉक्टर हिरड्यांची मापं घ्यायचे आणि ती मापं मागे तिच्या टेबलावर यायची. मापात प्लास्टर ओतायचं, साच्यावर मेणात दात रचायचे, मेणाच्या जागी गुलाबी कवळी पक्की करायची, मग घासून गुळगुळीत करायची. बावीस वर्षं हेच चाललं होतं. आजूबाजूचे लोक तिला दातवाली म्हणायचे, तिला त्याचं काही वाटत नसे. याहून वाईट नाव तिला एकदा मिळालं होतं.

ते नाव मोठ्या जावेनं दिलं होतं. एकत्र घर होतं तेव्हा जावेची सोन्याची साखळी हरवली. कुणाला काही विचारायच्या आत जावेनं धाकटीची पेटी बाहेरच्या खोलीत फरफटत आणली आणि सगळ्यांच्या देखत उपडी केली. सासरे होते, थोरले दीर होते, शेजारीणही होती. आतले कपडे, आईची पत्रं, सगळं जमिनीवर. साखळी काही निघाली नाही. तरी जाऊ म्हणाली, "चोर आहेस तू. सापडली नाही म्हणजे लपवायला हुशार, एवढंच."

महिन्याभरात ती आणि नवरा वेगळे राहायला गेले. पुढे चार महिन्यांनी थोरल्या दिरांच्या कोटाच्या अस्तरातून शिंप्यानं ती साखळी काढून दिली. दिरांनीच हे तिच्या नवऱ्याच्या कानावर घातलं, तेही हळूच. जावेनं मात्र तोंडाला कुलूप लावलं. नवरा म्हणाला, "सापडली ना, झालं तर. आता कशाला उकरून काढायचं?" तिनं उकरून काढलं नाही. जपून ठेवलं.

कवळ्यांचं काम शिकली तेव्हा तिनं स्वतःशी एक ठरवलं. आपल्या हातून गेलेली वस्तू उद्या कुणी उपडी करून पाहिली, तरी आपली मान खाली जाता कामा नये. म्हणून तिनं कापसाचा नियम केला. कवळी तयार झाली की हिरडीला टेकणाऱ्या बाजूवरून कोरडा कापूस फिरवायचा. बोटाला न कळणारा खरखरीतपणा कापसाला कळतो, त्याचा एखादा तंतू तिथं अडकतो. अडकला की पुन्हा घासायचं, पुन्हा कापूस. स्वच्छ निघाला की पेशंटच्या कार्डावर 'कापूस' असं लिहून पुढे खूण. डॉक्टर म्हणायचे, "अहो बाई, एवढं कोण बघतंय?" ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एका सोमवारी आलेल्या मापावरच्या चिठ्ठीत तिला स्वतःचंच आडनाव दिसलं. त्याआधीचं नाव जावेचं होतं.

तिला आनंद झाला. उगाच खोटं कशाला सांगा, अगदी मनापासून झाला. ज्या तोंडानं आयुष्यभर तोंडसुख घेतलं ते तोंड आता बोळकं होऊन तिच्या टेबलावर पालथं पडलं होतं. तिनं दात रचले ते मात्र फार मन लावून, चहा निवून गेला तरी लक्ष नव्हतं. शेवटी कापूस फिरवला आणि खालच्या कवळीत, डाव्या बाजूला, अडकला.

मिठाच्या कणाएवढा उंचवटा होता. प्लास्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की असं होतं. तिनं काही केलं नव्हतं आणि काही करायचंही नव्हतं. नुसतं तसंच ठेवायचं होतं. मग जाऊ घास चावेल, कळवळेल, दुसरा चावेल, पुन्हा कळवळेल. कशानं दुखतंय ते डॉक्टरांच्या बापालाही कळलं नसतं. दातवालीनं कवळी डबीत ठेवली, झाकण लावलं आणि पोटभर जेवली.

जेवून कार्ड भरायला बसली. 'कापूस' लिहिलं. खूण करायला पेन टेकवलं आणि हात थांबला. बावीस वर्षांत एकही खूण खोटी नव्हती. आज जिथं कुणाला दिसणार नाही तिथं काहीतरी लपवून ती वर खूण करायला निघाली होती. लपवायला हुशार. म्हणजे जाऊ म्हणाली ते आता, इतक्या वर्षांनी, आपल्याच हातानं खरं करून द्यायचं?

"मेले तरी नाही," ती मोठ्यानं म्हणाली. कण घासून काढला, चार वेळा कापूस फिरवला. राग तिळभरही कमी झाला नव्हता. उलट आता तो कुठं वापरायचा हे तिला नीट कळलं.

कवळी बसवायच्या दिवशी जाऊ सुनेचा हात धरून आली. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे कवळी बसवली आणि बोलणं तपासायला दातवालीला हाक मारली. नव्या दातांनी शब्द नीट उमटतात का हे तीच पाहायची. तिला पाहून जावेचा चेहरा उतरला. "ही तुझी धाकटी काकू," जाऊ सुनेला पुटपुटली, आणि सुनेनं बाजूच्या खुर्चीवरची पर्स झटकन मांडीवर घेतली.

म्हणजे हिलाही सांगून झालं होतं तर!

"जाऊबाई, माझ्यामागून म्हणा. सकाळी साखर सांडली."

"सकाळी साखर सांडली."

"छान. साखळी सापडली."

जाऊ पदरानं ओठ पुसू लागली.

"म्हणा ना. स नीट यायला हवा."

"टोचतंय गं," जाऊ गालाला हात लावून म्हणाली. "कवळी टोचतेय. हिनं मुद्दामच..."

डॉक्टर चमकले. सून उठून उभी राहिली. दातवालीनं शांतपणे कवळी काढून घेतली, धुतली, पुसून कोरडी केली आणि सगळ्यांच्या देखत उपडी धरली. कापूस काढला आणि सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग तो सुनेच्या हातावर ठेवला. "बघ बाई, तूच बघ. कुठं अडकलाय?"

"नाही, काकू," सून म्हणाली.

"कवळीत काही नाही, जाऊबाई. टोचतंय ते दुसरंच." तिनं कवळी पुन्हा बसवली. "म्हणा. साखळी कोटाच्या अस्तरात सापडली. चोर कुणीच नव्हतं."

जावेनं सुनेकडे पाहिलं. सून कापूस तसाच हातात धरून सासूकडे बघत होती.

"साखळी... कोटाच्या अस्तरात सापडली. चोर कुणीच नव्हतं."

दातवालीनं कार्ड पुढे ओढलं, पेन उघडलं आणि मान हलवली.

"च जरा दबला," ती म्हणाली. उठून बाहेरच्या खोलीचं दार उघडलं. तिथं सात-आठ माणसं नंबर लावून बसली होती. "पुन्हा म्हणा. आता मोठ्यानं."