कुरणावरचा लॅपटॉप

थोरल्या दिरांचं नाव आम्ही सुना घेत नाही. एरवी ही रीत मला जाचायची, आता बरी वाटते. तोंड तरी विटाळत नाही.

माझा नवरा इशेनबेक नारिन शहरातल्या वीज कचेरीत तारा जोडतो. कितीही उंच खांबावर चढेल, पण भावापुढं मान वर करणार नाही. सासूबाई गेल्या आणि त्यांचा आवाज तेवढा मागं राहिला. सासरे वारले तेव्हा सासूबाईंनी रीतीप्रमाणे गायलेला विलाप इशेनबेकनं फोनमध्ये धरून ठेवला होता. आईचा आवाज परक्या कंपनीच्या हवाली नको, म्हणून आठवडाभर खपून त्यानं फोन, घरचा कॉम्प्युटर आणि वर डोंगरातल्या कुरणावरच्या खोपटातला जुना लॅपटॉप थेट एकमेकांना जोडले. एकात ठेवलं की तिन्हींत. "मध्ये कोणी परका नाही बघ," असं मला ऐटीत सांगायचा.

परका कशाला हवा, घरचे होते ना!

सासूबाईंच्या वर्षाच्या जेवणाला थोरले आले ते गळा काढतच. अंगणातल्या तंबूला टेकून, पुरुषांच्या रीतीप्रमाणे कमरेवर हात ठेवून असे हंबरले की बायका हळहळल्या. दुपारी, वर्षाच्या जेवणाला असतेच त्या घोड्यांच्या शर्यतीचं चित्रण करायला त्यांनी इशेनबेकचा फोन मागितला. थोरल्यांना नाही म्हणायची सोय आहे का? संध्याकाळी परत दिला.

"जागा नव्हती रे. जुनंपानं काहीबाही पुसलं."

काहीबाही! अहो, आई ती तुमची! फोन निम्मा रिकामा होता, मुलीची कार्टूनं जिथल्या तिथं. आईचं तेवढं गेलेलं. इशेनबेक कॉम्प्युटरकडं धावला. तिथंही नाही. एकात पुसलं की बाकीच्यांतही पुसलं जातं.

उरला लॅपटॉप. तो महिनाभर बंद होता, आणि वर नेट नाही. फोन जवळ आला तरच त्याची गाठ पडायची. फोन घरीच ठेवून आम्ही सकाळी वर गेलो. लॅपटॉप चालू केला आणि सासूबाई गायला लागल्या. इशेनबेक पोरासारखा रडला.

मग ती ओळ आली. थोरला लेक बापाला माती द्यायला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, आणि आल्या आल्या बापाचं खोगीर मागितलं.

मी ती ओळ पार विसरले होते. थोरले विसरले नव्हते. शी! आणि तंबूला टेकून ते हंबरणं!

इशेनबेकनं आवाज एका वेगळ्या कार्डावर उतरवला, आणि ते कार्ड कशालाच जोडलं नाही.

शुक्रवारी थोरले जेवायला आले. "काही सापडलं का रे?"

"नाही दादा. सगळं गेलं."

जन्मात पहिल्यांदा तो भावाशी खोटं बोलला. थोरल्यांनी हुश्श केलं. "अल्लाची मर्जी," म्हणाले आणि ताट पुढं ओढलं. मेंढीचं मानाचं डोकं रीतीप्रमाणे मीच त्यांच्यापुढं ठेवलं होतं. त्यांनी त्याचा कान कापला आणि लहानांना देतात तसा माझ्या मुलीला दिला.

"घे. मोठ्यांचं ऐकत जा."

मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि त्यांच्यादेखत कुत्र्यापुढं टाकला.