दुसऱ्या प्रांताचा खेळाडू

रशीद उस्ताद आर्णीचे सायकलवाले. माझ्या नावापुढे बी.ए. लागलं ते त्यांच्यामुळे. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिताना माझा हात अडखळणार आहे.

१९५६ चा डिसेंबर होता. यवतमाळच्या स्टेशनात छोटी गाडी उभी होती. ती मूर्तिजापूरला सोडते, आणि तिथून मुंबईची मोठी गाडी मिळते. नागपूर राजधानी होती तोवर मी तिथल्या सचिवालयात कारकून होतो. नोव्हेंबरात राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, नागपूरची राजधानी गेली आणि आम्हा कारकुनांच्या याद्या लागल्या. काही भोपाळला, काही मुंबईला. माझं नाव मुंबईच्या यादीत होतं.

मला पोचवायला तिघं आले होते. याडी, म्हणजे माझी आई, गाडीच्या इंजिनाकडेच पाहत होती. इतक्या जवळून तिनं ते पहिल्यांदाच पाहिलं असावं. बा मात्र निवांत होता. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूख फिरलेले. तांडा एका जागी बसून दोन पिढ्याही झाल्या नाहीत. तो म्हणाला, "ते मीठ लादून फिरले, तू फाईल लादून फिर. आपल्याले काय नवं हाय त्यात?"

तिसरे उस्ताद. दुकान बंद ठेवून आले होते, आणि बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवणारे ते नव्हेत. मला ते मास्टर म्हणत. "मास्टर," ते म्हणाले, "आमची राजधानी पेटीत घालून चालला ना तू. तिथं पाह्यजो, ते आपल्याले बॉल देते का निस्तं लाईनीबाहेर उभं करते."

मेलबर्नच्या ऑलिंपिकात आपला संघ नुकताच चौथा आला होता. गाडी हलेपर्यंत उस्ताद त्याच मॅचबद्दल बोलत राहिले. रडायची वेळ आली की ते फुटबॉलवर बोलत, हे मला ठाऊक होतं.

आमच्या तांड्यावर शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं मी गुरं राखणार हे ठरलेलं होतं. बाजारात उस्तादांच्या दुकानापुढं बसून मी एकदा कोणाचं तरी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होतो. उस्तादांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी बाला सांगितलं की पोरगा माझ्याकडे ठेव, शाळा शिकल आणि मला पेपर वाचून दाखवल. दुकानामागच्या खोलीत मी सहा वर्षं राहिलो. खालानं, त्यांच्या बायकोनं, पहिला महिनाभर माझ्यासाठी वेगळं भांडं ठेवलं, कारण बाला चालेल की नाही याची तिला शंका होती. बा एकदा आला, तिच्याच भांड्यातलं जेवला आणि तो प्रश्न मिटला.

माझं देशाच्या राजकारणाचं आणि फुटबॉलचं शिक्षण त्या दुकानात एकदमच झालं. पेपर शेवटच्या पानापासून वाचायचा, हा उस्तादांचा हुकूम. आधी कलकत्त्याच्या लीगचे निकाल, मग दिल्लीची बातमी. सायकलच्या ट्यूबला लावायचं ठिगळ ते फुटबॉलच्या ब्लॅडरला लावत, आणि हात चालू असताना मंत्र्यांवर बोलत. राजकारणाच्या मॅचमध्ये रेफ्रीही कोणत्या तरी टीमचाच असतो, असं त्यांचं मत होतं. गिऱ्हाईक हसायचं. मी हसत नव्हतो. मला ते दोन्ही खेळ खरे वाटत. कायदा आहे, रेषा आहेत, शिट्टी आहे. मग अन्याय कसा होईल, असं मी त्यांना विचारायचो.

मुंबईत मला हे सगळं मोठ्या प्रमाणात दिसलं. सेक्शन, डेप्युटी, कॅन्टीन, कूपरेजचं मैदान. शनिवारी अर्धा दिवस संपला की मी थेट मैदानावर जात असे. आपल्याकडे धंदेवाईक फुटबॉल नाही, सगळे हौशी खेळाडू, असं अधिकारी लोक अभिमानानं सांगतात. पण गिरण्यांच्या आणि कंपन्यांच्या संघांत मी जे पाहिलं ते असं : खेळाडूचं नाव हजेरीवर फिटर म्हणून असतं आणि त्यानं आयुष्यात पाना धरलेला नसतो. गुडघा दुखावला की मग तो खरोखर फिटर आहे की नाही याची चौकशी सुरू होते. खेळाडूला पोटासाठी खेळावं लागतं, पण पोटासाठी खेळतो असं म्हणायची सोय नाही. हा ढोंगीपणा मला आजही सहन होत नाही.

१९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. मी रस्त्यावर नाचणाऱ्यांत होतो. मी मनापासून त्या बाजूचा होतो. मराठी बोलणारे सगळे एका रेषेच्या आत आले, आता आर्णी आणि मुंबई एक, हे मला अगदी पटलं होतं. उस्ताद वेगळ्या विदर्भाचे. त्यांची पत्रं त्यांचा धाकटा मुलगा सलीम लिहीत असे. सातवीपर्यंत शिकलेला, अक्षर वळणदार. एका पत्रात उस्तादांनी लिहवून घेतलं होतं, "खेळाडूले एका क्लबातून दुसऱ्यात जायाले सोडपत्र लागते. आपले आठ जिल्हे इकडून तिकडं गेले, त्यायले कोनी विचारलं का?" मी उत्तरात चार पानं लिहिली. ती चार पानं आता माझ्यासमोर नाहीत हे बरं आहे.

सलीम कामठीच्या एका क्लबाकडून खेळत असे. डाव्या पायाचा, बुटका, पण बॉल पायाला बांधल्यासारखा. मुंबईच्या एका गिरणीच्या संघाला डावीकडचा फॉरवर्ड हवा होता. मी ओळख काढली, त्यांनी त्याला पाहिलं आणि ताबडतोब ठेवून घेतलं. गिरणीत नोकरी, संघात जागा. उस्तादांसाठी मी काही करू शकलो, असं मला त्या दिवशी प्रथमच वाटलं.

मुंबईला निघण्याआधी सलीमनं मला विचारलं होतं, कामठीवाल्यांचं सोडपत्र आणू का. आठ दिवस लागतील, पण देतील. मी नको म्हणालो. सोडपत्र दुसऱ्या प्रांतात जाताना लागतं. आता प्रांत एकच आहे, मग आठ दिवस कशाला घालवतोस.

फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून मी भरला. त्यात एक रकाना होता : खेळाडूची दुसऱ्या प्रांताच्या संघटनेकडे नोंद आहे काय. मी "नाही" लिहिलं. खोटं लिहायचा माझा विचार नव्हता. नकाशा बदलला म्हणजे फुटबॉलच्या संघटनाही बदलल्या, असं मी खरंच धरून चाललो होतो. वर्तमानपत्रात एवढं छापून आलं होतं, सरकारी राजपत्रात आलं होतं. फुटबॉलवाल्यांनी ते वाचलं नसेल असं माझ्या मनातही आलं नाही. नागपूरकडची संघटना वेगळी ती वेगळीच राहिली होती. सलीमनं मी बोट ठेवलं तिथं सही केली.

तो पाच सामने खेळला. पाचव्यात त्याच्या गोलवर हरलेल्या संघानं तक्रार केली की हा खेळाडू एकाच हंगामात दोन प्रांतांत नोंदलेला आहे.

चौकशीला तीन माणसं बसली होती. त्यांचं बोलणं इंग्रजीत, म्हणून सलीमबरोबर मी गेलो. मधल्या गृहस्थांनी फॉर्म पुढं सरकवला आणि विचारलं, हा रकाना कोणी भरला. मी भरला, असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, खेळाडूनं तुम्हाला काय माहिती दिली होती.

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. सरकारी नोकरानं खोटा फॉर्म भरला, एवढं एक वाक्य माझ्या साहेबांकडे गेलं असतं तर मी परत तांड्यावर गेलो असतो. निदान तेव्हा मला तसं वाटलं. मी इंग्रजीत म्हणालो, खेळाडूनं सांगितलं तसं मी भरलं.

सलीम शेजारीच बसला होता. त्यानं हळूच विचारलं, "काय म्हनते, भाई?"

"विचार करतो म्हणतात," मी म्हणालो.

संघाचे गुण गेले. खोटी माहिती दिली म्हणून सलीमवर दोन वर्षांची बंदी आली. चूक असती तर समज देऊन सोडलं असतं, असं नंतर त्या तिघांपैकी एकानंच मला सांगितलं. सलीम खरा फिटर नाही हे शोधून काढून त्याला नोकरीवरून कमी करायला गिरणीनं आठवडाही लावला नाही. त्याला स्टेशनवर पोचवायला मी गेलो होतो. मी त्याला म्हणालो, नियम आपल्या लोकांसाठीच काढतात हे. त्याला ते खरं वाटलं. गाडीत चढताना तो म्हणाला, "तुमी नसते भाई, तर मले इथं पानीबी कोनी पाजलं नसतं."

बंदी संपेपर्यंत त्याचा वेग गेला होता. तो दुकानात बसू लागला. उस्तादांनी आर्णीत सगळ्यांना सांगितलं की मुंबईनं माझ्या पोराला लाईनीबाहेर काढलं. सभा होत, तिथं ते हे उदाहरण देत. माझे गाववाले पत्रांतून मला कळवत, आणि मी कोणालाही दुरुस्त केलं नाही. उलट ऑफिसात मीही तेच बोलू लागलो. विदर्भावर अन्याय होतो, या विषयावर माझ्याइतकं तावातावानं बोलणारा आमच्या सेक्शनात दुसरा नव्हता. त्यातलं पुष्कळ खरंही होतं. रस्ते, पाणी, नोकऱ्या, दिलेली आश्वासनं. मी आकड्यांसह बोलायचो. पण खऱ्या गोष्टीच्या मागं लपलं की माणूस सापडत नाही, हे मी त्या काळात शिकलो.

१९६२ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत आपल्या फुटबॉल संघानं सुवर्णपदक जिंकलं. कॅन्टीनच्या रेडिओभोवती आम्ही गर्दी केली होती. नंतर कळलं की तिथल्या प्रेक्षकांनी आपल्या पोरांची सारखी हुर्यो केली. आपल्या एका पदाधिकाऱ्यानं यजमानांवर टीका केली होती, त्याचा राग त्या अकरा जणांवर निघाला. सगळे संतापले. खेळात राजकारण आणू नये, असं डेप्युटीसाहेब म्हणाले आणि पेढे वाटले. बोलला एक, भोगलं दुसऱ्यानं. पेढा हातात धरून मी बाहेर गेलो आणि तो खाल्ला नाही.

दर हिवाळ्यात अधिवेशनासाठी आमचं ऑफिस नागपूरला जातं. फायलींच्या पेट्या मोजून गाडीत चढवायचं काम माझ्याकडे असतं. नागपूरहून आर्णी किती दूर? सकाळी निघून दुपारी पोचता येतं. सहकारी विचारतात, घरी जाऊन आलास का. मी सांगतो, काम फार आहे. बा म्हणाला होता तेच मी करतो आहे, लादून फिरतो आहे. फक्त लाजून वळसा घालावा असं गाव आमच्या आजे-पणजांच्या वाटेवर नसावं.

तुमच्यापैकी जे गावी राहिलात ते म्हणता, शहरात गेलेला माणूस गाव विसरतो. जे माझ्यासारखे बाहेर पडलात ते म्हणता, गावच आता पूर्वीचं राहिलं नाही. मी दोन्ही वाक्यं वापरून पाहिली आहेत. माझ्या बाबतीत दोन्ही खोटी आहेत.

गेल्या महिन्यात सलीमच्या अक्षरात उस्तादांचं पत्र आलं. कामठीचा क्लब त्याला मुलांना शिकवायला ठेवायला तयार आहे. पण संघटनेच्या दप्तरात त्याच्या नावापुढं अजून "खोटी माहिती देणारा" असा शेरा आहे, त्याचा खुलासा मागितला आहे. तू आता साहेब आहेस, मुंबईनं अन्याय केला असं तुझ्या सहीनं लिहून दे, एवढी मागणी. सलीमनं खाली स्वतःचा सलाम घातला होता. दहा दिवस मी ते पत्र खिशात घेऊन ऑफिसला गेलो. मग पुढील पत्र पाठवलं.

"उस्ताद, सलाम.

तुम्ही मागितला तसा कागद मी लिहू शकत नाही. तो अन्याय मुंबईनं केलेला नाही. फॉर्मात 'नाही' मी लिहिलं. सलीम सोडपत्र आणतो म्हणत होता, मी आणू दिलं नाही. इथवर ती माझी चूक होती. पण चौकशीत मला विचारलं तेव्हा खेळाडूनं असंच सांगितलं असं मी म्हणालो, सलीमच्या शेजारी बसून, त्याला कळणार नाही अशा भाषेत. ती चूक नव्हती. नोकरी जाईल म्हणून मी घाबरलो होतो.

संघटनेला द्यायचा खुलासा वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडला आहे. त्यात हेच आहे, सही आणि हुद्द्यासह. एक प्रत इथं माझ्या साहेबांनाही दिली आहे. पुढं काय होईल ते होईल.

हे पत्र तुम्हाला सलीमच वाचून दाखवील, हे मला ठाऊक आहे. त्याला मध्ये थांबवू नका. तो रागावला तर रागावू द्या. खालालाही सांगा. सभेत तुम्ही माझ्या भरवशावर जे बोललात त्याबद्दल तुम्हाला लोकांपुढं खाली पाहावं लागेल, त्याची माफी मी कोणत्या शब्दांत मागू?

आजवर प्रत्येक पत्राच्या शेवटी मी लिहीत आलो की लवकरच घरी येतो. आर्णी माझं घर आहे ते तुम्ही ठेवून घेतलंत म्हणून. माझा जन्म तर तिथं झालाही नाही. म्हणून या वेळी येतो असं लिहीत नाही. तुम्ही दोघांनी ये म्हटलं तर येईन.

तुमचा,
मास्टर"